दोन्हीकडे पाय टाकून

मी फटफटीवरून पडले, हे आमच्या ह्यांना दोन मैल कळलंच नाही. तिखटमीठ लावून सांगत नाहीये. ते पुढे बसून गाडी चालवत होते, आदल्या दिवशी फोरमनशी कसं वाजलं ते मला सांगत होते, आणि मी मागे नव्हतेच. मी नाल्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या कडेला, पाण्यापासून दोन हातांवर उताणी पडले होते. वर आभाळ दिसत होतं आणि फटफटीचा आवाज लांब लांब चालला होता. नंतर त्यांनीच कबूल केलं की मी मधे काही बोलत नव्हते म्हणून त्यांना वाटलं, बायको आज मन लावून ऐकून राहिली आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. आमचं घर हुडकेश्वरच्या वाटेवर, जिथे तेव्हा घरं कमी आणि वावरं जास्त होती. ह्यांची नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात, पाळी सकाळी आठची. माझी शाळा कारखान्यांच्याही पुढे दोन मैल, एका खेड्यात, आणि ती साडेसातला भरायची. दुपारी परत यायला एसटी मिळायची, सकाळी जायला काही नाही. कंपनीची बस आमच्या नाक्यावरून जायची, पण ती कामगारांची. कामगाराच्या बायकोला तिच्यात पाय ठेवायची मुभा नव्हती. तेव्हा शाळेत पोचायचं तर ह्यांच्या मागे बसून. हे मला शाळेत सोडायचे आणि मागे वळून कारखान्यात जायचे.

बसायचं कसं, याचाही घरात शिरस्ता होता. सासऱ्यांच्या देखत गाडीवर बसायचं नाही. हे गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत, मी डोक्यावर पदर घेऊन चार पावलं मागून चालत जाई, आणि कोपऱ्यावरच्या कडुलिंबाच्या झाडाआड मग बसे. एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडे, गुडघे जुळवून. उजव्या हातात सीटचा पट्टा, डाव्या हाताखाली मांडीवरची पर्स, डबा आणि वह्यांचा गठ्ठा. नवऱ्याच्या कमरेला हात लावायचा नाही, छे! खांद्यावर ठेवला तरी बघणारे बघायचे आणि बघून झालं की सांगणारे सांगायचे. म्हणजे ज्याच्या भरवशावर बसलो तो माणूस सोडून बाकी सगळं धरायचं. तेव्हा मला यात काही चुकीचं वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सगळ्याच बाया तशा बसायच्या.

त्या दिवशी रपट्यावर खड्डा होता. पुढचं चाक आत गेलं आणि मागचं उसळलं. पुरुष माणूस अशा वेळी मांड्यांनी सीट आवळतो. मी काय आवळणार? माझ्याजवळ सहामाहीचे पेपर होते, मी ते आवळले. खरंच सांगते, जीव चाललाय आणि बाई चौथीचं गणित छातीशी धरून मागच्या मागे चालली आहे!

भाजीची टोपली घेऊन बाजारात निघालेली एक बाई धावत आली. तिने टोपली खाली ठेवली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

"अवं बाई, तुहा मानूस तं निंगून गेला ना वं!"

"येतील," मी म्हटलं.

"काहून येईल? त्याले मालूमच नाही दिसत."

ती बरोबर बोलत होती, म्हणूनच मला रडू आलं. तिने पदराने माझ्या कपाळावरचं रक्त पुसलं आणि पेपर गोळा करून त्यांच्यावर दगड ठेवला. बऱ्याच वेळाने फटफटीचा आवाज परत आला. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं?

"नीट धरून काहून नाही बसली वं?"

तो प्रश्न मी पुढे सहा आठवडे ऐकला. सासूबाईंनी विचारला, नणंदेने विचारला, भेटायला मोसंबी घेऊन आलेल्या प्रत्येकाने विचारला. खड्ड्याला कोणी विचारलं नाही. गाडी चालवणाऱ्यालाही नाही. मला अशी तिडीक यायची! पण खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलेलं, डोक्याला टाके, आणि तिडीक आली की खांद्यातून कळ निघायची, त्यामुळे तेव्हा गप्प बसले.

सरकारी दवाखान्यात पट्टी बांधणारी सिस्टर मात्र वेगळी निघाली. पन्नाशीची, तोंडाने फटकळ बाई. तिने मला एकच विचारलं, "दोन्ही पाय एकीकडे टाकून बसली होतीस ना?"

मी हो म्हटलं.

"बाया अशाच येतात इथे. माणसं पडतात तर हात मोडून येतात, पाय मोडून येतात. बाया डोक्यावर पडतात. तुझा खांदा आधी टेकला म्हणून तू बोलून राहिली आहेस. याच खाटेवर गेल्या आठवड्यात एक होती, तिचं डोकं आधी टेकलं होतं."

"मग ती कुठे आहे?"

सिस्टरने पट्टी आणखी एक वेढा देऊन आवळली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी त्या खाटेवर दोन दिवस होते. दोन्ही दिवस मला त्या न पाहिलेल्या बाईशिवाय दुसरं काही सुचलं नाही. तिच्या घरी काय म्हणाले असतील, ते मला पाठ होतं. तिचं नशीब म्हणाले असतील. नीट धरून नव्हती बसली म्हणाले असतील. डोंबलाचं नशीब! तिला जसं बसायला शिकवलं होतं तशी ती बसली होती.

घरी आल्यावर कळलं की माझी नोकरीही त्या रपट्यावर पडली आहे. मी कायम नव्हते. सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळाली, पण पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: अमुक सोमवारी शाळा भरायच्या आत हजेरीबुकात सही झाली पाहिजे, नाहीतर नेमणूक रद्द. जागेवर दुसरी बाई तयारच होती. शाळा सुटली की सगळंच सुटलं, हे मला माहीत होतं. लग्नाआधी दोन वर्षं अर्ज करून मिळवलेली नोकरी होती ती. परत मिळाली नसती.

सासऱ्यांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, वाईट मनाचे अजिबात नव्हते.

"सूनबाई, देवाने एकदा वाचवलं. आता नोकरी सोडून द्या. घरात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. पण मी नोकरी सोडणार नाही," मी म्हटलं.

"मंग जासान कशी?"

"ह्यांच्याच मागे बसून. पण आता माणसांसारखी बसीन. दोन्हीकडे पाय टाकून."

जेवणाची पानं मांडलेली होती. हे ताटात बघत राहिले. नणंदेने तोंडाला पदर लावला. सासरे उठले आणि हात धुवायला गेले, अजून एक घासही न खाता. आमच्या घरात याहून मोठं भांडण माझ्या आठवणीत नाही.

रात्री ह्यांनी मला समजावायला घेतलं. "अवं, लोकं काय म्हनतीन? कंपनीतली पोट्टी मले जगू देनार नाही. तू नीट धरून बस ना. मी हळू चालवतो."

"हळूच चालवत होते तुम्ही."

"खड्डा पाहून चालवतो."

"आणि नाही दिसला तर?"

मग मला सुचलं. आजही सुचल्याचा आनंद वाटतो, इतकं ते चांगलं होतं. मी म्हटलं, "रविवारी तुम्हीच बसून दाखवा. जसे मला बसवता तसे. दोन फेऱ्या मारून तुम्ही सुखरूप उतरले, तर मी तुमच्या बापाचं ऐकते आणि नोकरी सोडते."

त्यांना हसू आलं. दोन फेऱ्या म्हणजे काय, त्यांना वाटलं फुकटात जिंकलो. रविवारी घरामागच्या मोकळ्या पडलेल्या वावरात धाकटे दीर गाडी घेऊन आले. ते पोस्टात नोकरीला होते, गाडी चांगली चालवायचे. अटी मी सांगितल्या. लुंगी घट्ट नेसायची, म्हणजे पाय फाकणार नाहीत. दोन्ही पाय डावीकडे. एका हातात सीटचा पट्टा, दुसऱ्या हाताखाली जेवणाचा डबा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. भावाला हात लावायचा नाही.

"त्याले काहून नाही लावाचा? भाऊ आहे माया!"

"लोकं पाहतात ना," मी म्हटलं.

शेजारच्या तीन-चार बाया भिंतीवरून पाहत होत्या. पहिली फेरी हे हसत हसत गेले, पण वळणावर हसू गेलं आणि दात दिसायला लागले. दुसऱ्या फेरीत दिरांनी कडेच्या नांगरलेल्या पट्ट्यावरून गाडी घेतली. मी सांगितलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. डबा आधी उडाला. तो धरायला ह्यांनी पट्टा सोडला, आणि मग वर्तमानपत्रांसकट हे गवतात. दीर पुढे गेले ते गेलेच. त्यांनाही कळलं नाही! भिंतीवरच्या बायांनी ओरडून सांगितलं तेव्हा थांबले.

मी हसले नाही. हसायचं ठरवलं होतं, पण ते गवतातून उठले तेव्हा त्यांच्याकडे पाहून हसता आलं नाही. लुंगी झटकत ते माझ्याजवळ आले आणि माझ्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहत उभे राहिले.

"अवं, धराले काहीच नाही ना मांगं," ते हळू आवाजात म्हणाले. "तू चार वर्षं अशी बसून राहिली?"

"हो."

"मले काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, घरी चला, खरचटलंय तिथे हळद लावते.

नवरा आला इकडच्या बाजूला, पण साडीचं काय? पाच वारी गोल साडीत दोन्हीकडे पाय टाकायचे तर ती गुडघ्यापर्यंत वर येते. पंजाबी ड्रेस तेव्हा कॉलेजच्या पोरीच भीत भीत घालायच्या, लग्न झालेल्या मास्तरणीने घातला असता तर शाळेनेच काढलं असतं. मी दोन दिवस डोकं खाजवत बसले. वाट दाखवली ती सासूबाईंनी, आणि तीसुद्धा मला टोमणा मारून.

"तुमाले शिकल्या-सवरल्या बायांले गोल पातळ पायजे. आमच्या लुगड्यात पाय कसे बी टाका. मी माहेरी बैलाच्या पाठीवर बसून नदी पार केली हाय, कोनाले एक बोट अंग नाही दिसलं."

नऊवारीचा काष्टा! रोज डोळ्यांसमोर होता. माझ्या आईने मला मॅट्रिकला गोल साडी घेऊन दिली होती, पोरगी शिकलेली दिसावी म्हणून, आणि मीही त्या साडीचा तोरा मिरवला होता. सासूबाईंच्या लुगड्याला मी मनातल्या मनात गावठी म्हणायचे. आता त्यांच्याच समोर उभी राहून म्हटलं, "आत्या, मला नेसवून द्या." त्यांनी पेटीतून हिरवं लुगडं काढलं, मला घरात चार वेळा नेसवून चार वेळा सोडायला लावलं, आणि काष्टा इतका कसून खोचायला शिकवला की श्वास घ्यायला विचार करावा लागे. एक खांदा अजून नीट उचलत नव्हता, तरी जमलं.

पत्रातला सोमवार उजाडला. मी लुगडं नेसून बाहेर आले. सासरे ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, हातात पेपर. ह्यांनी सवयीने गाडी ढकलायला सुरुवात केली.

"तिकडे कुठे चालले?" मी विचारलं.

"कोपऱ्यावर."

"कोपऱ्यावर कशाला? आज इथूनच बसते."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "सूनबाई, तुमाले नोकरी कराची आहे, करा. माया पोराले तुमी आपल्याकडं फिरवलं, तेही झालं. पन माया दारातून असं बसून जाचं नाही. कोपऱ्यावर जाऊन काय कराचं ते करा."

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण कोपऱ्यावर झाडाआड जाऊन बसायचं म्हणजे मी काहीतरी पाप करते आहे, असं उद्यापासून रोज कबूल करायचं. ज्याने माझं डोकं वाचणार होतं ते मी लपून का करू? मी म्हटलं, "मामंजी, मी चोरी करत नाही. इथूनच बसणार."

"लोकं पाहून राहिले!"

लोकं खरोखरच पाहून राहिले होते. समोरच्या फाटकात दोघी उभ्या होत्या, दूधवाला सायकल धरून थांबला होता. तेवढ्यात दारातून सासूबाई बाहेर आल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला चारचौघांत उलटून बोललेली ती बाई नव्हती. त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला आणि सासऱ्यांकडे न पाहता, माझ्याकडे पाहत बोलल्या.

"पाहू द्या ना लोकांले. थे रपट्यावर पडून होती तवा तं कोनी पाहात नव्हतं. घरचाबी नाही."

ह्यांची मान खाली गेली. मी पाय टाकला आणि बसले. दोन्हीकडे. आणि तिथेच, दारात, सासऱ्यांच्या आणि दूधवाल्याच्या देखत ह्यांच्या कमरेला हात घातला. ह्यांचे कान लालबुंद झाले.

"चला," मी म्हटलं.

गल्लीत मागून कोणीतरी काष्टा पाहून ओरडलं, "मास्तरीनबाई, वावर निंदाले चालल्या का वं?" मी मागे वळून ओरडले, "हो, तुमच्या वावरात!" तोंडात आलं ते बोलले. पुढच्या चौकात दोन सायकलवाले एकमेकांना कोपर मारून हसले. बघा म्हटलं, पोटभर बघा. ह्यांनी वेग वाढवला तशी मी त्यांच्या पाठीवर बोट टोचलं आणि कमी करायला लावला.

हिंगण्याच्या रस्त्याला लागलो. कारखान्यांच्या अलीकडे उजव्या हाताच्या शेतातून एक म्हैस, कसली चाहूल नाही की काही नाही, थेट रस्त्यावर आली. ह्यांनी ब्रेक दाबला. मागचं चाक सरकलं आणि अख्खी गाडी आडवी होत गेली. माझे गुडघे आपोआप आवळले गेले. पाय पायदानावर रोवले, हात ह्यांच्या पोटाशी एकमेकांत अडकले, आणि गाडी जिकडे झुकली तिकडे मीही तिच्यासोबत झुकले. म्हशीच्या शेपटीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. इंजिन बंद पडलं.

ह्यांनी म्हशीला शिवी दिली नाही. मान वळवून मागे पाहिलं.

"आहेस ना वं?"

"आहे."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, भर रस्त्यात, कंपनीची बस बाजूने हळू होऊन जात असताना. बसच्या खिडक्यांतून त्यांचेच दोस्त टाळ्या पिटत होते. ह्यांनी हात काढला नाही.

"किक मारा आता," मी म्हटलं. "सात वाजून गेले."

साडेसातला पाच कमी असताना मी हेडमास्तरांच्या खोलीत शिरले. बाहेर बाकावर दुसरी बाई नवी कोरी साडी नेसून बसलेली होती, अर्ज मांडीवर घेऊन. मला तिची दया आली, पण थांबले नाही. हजेरीबुक ओढलं आणि सही केली. खांदा दुखत होता, अक्षर वाकडं आलं.

हेडमास्तरांनी खिडकीतून मला उतरताना पाहिलं होतं. चष्मा काढून त्यांनी माझ्या काष्ट्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं, आणि घसा साफ केला.

"बाई, आजच्या दिवस ठीक आहे. पण हे असं येणं..."

"रोज असंच येणार," मी म्हटलं, आणि चौथीच्या वर्गावर गेले.